टिपांच्या रकान्यातली मैत्रीण

नांदेडच्या त्या ग्रंथालयात मातीचा वास यायचा. शेजारच्याच खोलीत गावोगावच्या जमिनीचे नमुने उतरायचे. पांढऱ्या कापडी पिशव्या, तोंडाला सुतळी, सुतळीला चिठ्ठी आणि चिठ्ठीवर गावाचं नाव. हदगावकडचे, हिमायतनगरकडचे, मुखेडकडचे. पिशव्या पावसाळी हवेत ओलावल्या की वास भिंतीतून आमच्याकडं झिरपायचा आणि दुपारी पुस्तकात डोकं घालून बसलेल्या माणसाला आपण बांधावर बसलोय असं वाटायला लागायचं.

माती तपासणारं ते एक लहानसं केंद्र होतं. त्यामुळं ग्रंथालयही मातीचं आणि पाण्याचंच. कथा-कादंबरी औषधालासुद्धा नाही. जमिनीतला ओलावा, चुनखडी, खारवट विहिरी, बांधबंदिस्ती यांवरची पुस्तकं आणि भिंतभर अहवाल. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी नुकतीच ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली होती आणि मला तिथं कंत्राटावर घेतलं होतं. काम एकच: कार्डांवरच्या नोंदी संगणकात भरायच्या.

आमचं गाव हदगाव तालुक्यातलं. सुट्टीला गेले की अप्पा, म्हणजे माझे वडील, अंगणात बाजेवर बसून विचारायचे.

"मातीची बी पुस्तकं असत्यात?"

"असतात, अप्पा. लई असतात."

"आन् तू तिथं काय करून राहिलीस?"

"त्यांची यादी टाईप करते."

ते थोडा वेळ कपाशीकडं बघत राहायचे. मग आईला म्हणायचे, "ऐकलं का? पोरगी तिकडं माती टाईप करून राहिली."

त्याआधी हे सगळं हातानं चालत असे. एक पुस्तक आलं की त्याची कितीतरी कार्डं करायची. एक लेखकाच्या नावानं, एक पुस्तकाच्या नावानं, विषय जितके तितकी आणखी. एका अक्षराची चूक झाली की अख्खं कार्ड नव्यानं. मग ती लाकडी खणांत अक्षरानुक्रमानं लावायची आणि पोटातून सळई ओवायची. आमच्या ग्रंथपाल सरांनी उभं आयुष्य हेच केलं होतं. त्यांच्या बोटांना कार्डांची इतकी सवय होती की बोलता बोलतासुद्धा ते टेबलाच्या कडेवर अंगठ्यानं काहीतरी उलटत असायचे.

संगणक आला तेव्हा सर निवृत्तीला टेकले होते. पण ते कधी कुरकुरले नाहीत. प्लायवूडची आडभिंत घालून एक खोली केली, तिला जाड पडदा लावला, वातानुकूलन यंत्र बसवलं. चपला बाहेर काढायच्या. सरांच्या घरच्यांनी संगणकावर घालायला हळदीच्या रंगाच्या कापडाचं झाकण शिवून पाठवलं होतं. सकाळी सर ते झाकण स्वतः काढायचे, घडी घालायचे आणि मला म्हणायचे, "बसा बाई. उठलंय ते."

बाहेर नांदेडचा उन्हाळा असायचा आणि आत कुठलाच ऋतू नसायचा. संगणकाचा काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, यंत्राची एकसुरी घरघर. मी कार्ड बघायची आणि टाईप करायची, बघायची आणि टाईप करायची. तासाभरात माझी मलाच आठवण राहायची नाही. बोटं चालू असायची आणि मन कुठंतरी गोदावरीच्या पलीकडं गेलेलं असायचं. संध्याकाळी बाहेर आले की रस्त्यावरचा उजेड, रिक्षांचे भोंगे, उसाच्या रसाच्या गाड्यावरची घुंगरं हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी शहरातलं वाटायचं.

आमच्यासारखंच एक केंद्र लातूरला होतं. तिथंही मातीचंच ग्रंथालय आणि तिथंही एक मुलगी माझ्यासारखीच नोंदी भरत होती. दोन्ही याद्या शेवटी एकत्र करायच्या होत्या. म्हणजे कुठला अहवाल नांदेडला आहे आणि कुठला लातूरला, हे एका ठिकाणी बसून कळलं असतं. दोन यंत्रांना जोडणारी तार तेव्हा नव्हती. जोडणारी एक जीप होती. दर आठवड्याला ती मातीच्या पिशव्या घेऊन लातूरला जायची आणि तिकडच्या घेऊन यायची. नोंदी भरलेल्या आमच्या फ्लॉप्या त्याच जीपमधून जायच्या. धूळ लागू नये म्हणून सरांनी त्यांच्यासाठी स्टीलचा रिकामा डबा दिला होता. जीपचे चालक आमच्याकडचेच, पोक्त आणि गप्पिष्ट. सगळे त्यांना मामा म्हणायचे. डबा हातात घेताना ते दरवेळी विचारायचे, "भाजी कशाची हाय आज?"

प्रत्येक नोंदीत शेवटी एक रकाना असे, टिपांचा. पान फाटलं असेल, नकाशा गहाळ असेल, तर तिथं लिहायचं. आमच्या यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो. त्यात 'काळी' आणि 'कळी' सारखीच दिसायची, 'माती' आणि 'मती'सुद्धा. वाचणाऱ्यानं अंदाजानं घ्यायचं.

एकदा लातूरची फ्लॉपी उघडून मी नोंदी ताडून बघत होते. निलंग्याकडच्या जमिनीवरच्या एका जुन्या अहवालाच्या टिपेत लिहिलं होतं, 'आत कुणीतरी बाभळीचं फूल ठेवलं आहे. पिवळा रंग अजून आहे. काढू का राहू देऊ?'

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ती कुणाला विचारत होती, कोण जाणे. तोच अहवाल आमच्याकडंही होता. मी आमच्या प्रतीची नोंद काढली आणि टिपेत लिहिलं, 'राहू दे. आमच्या प्रतीत फक्त वाळवी आहे.'

पुढच्या जीपनं उत्तर आलं. 'वाळवीला बाभूळ आवडत नसेल.'

असं ते सुरू झालं. मी फ्लॉपी घालायची आणि कामाच्या आधी टिपा धुंडाळायची. ती कुठल्या नोंदीत काय लिहून ठेवेल याचा नेम नसायचा. ओलाव्यावरच्या पुस्तकाखाली लिहायची, 'आज लातूरला नळाला पाणी आलं. सगळी गल्ली जागी.' खारवट जमिनीच्या नोंदीखाली, 'माझी अव्वा म्हणते भाजीत मीठ जास्त पडलं की माणसाला घराची आठवण येते. खरं का?' तिचं गाव कर्नाटकाच्या शिवेवरचं, म्हणून आईला ती अव्वा म्हणायची. मी तिला गावाकडचं लिहायची. कापूस फुटला की रात्री रान कसं चांदण्यासारखं दिसतं ते लिहिलं, तर तिनं उलट विचारलं, 'आणि वाऱ्यानं हललं की?' मी कधी तसं बघितलंच नव्हतं. पुढच्या सुट्टीत मुद्दाम बघितलं आणि दोन नोंदींच्या टिपा भरून तिला कळवलं.

आम्ही एकमेकींना नाव विचारलं नाही. फ्लॉपीवर 'लातूर' लिहिलेलं असायचं आणि माझ्यासाठी ती तेवढीच होती. झोप लागता लागता मला तिचा चेहरा दिसायचा, पण तो दर वेळी वेगळा असायचा. कधी लांब वेणी, कधी चष्मा. एकदा तर ती हिरव्या अक्षरांचीच बनलेली दिसली आणि ओळ संपली तशी पुसली गेली.

मग मला तिचा आवाज ऐकावासा वाटला. केंद्रात एक फोन होता, वरच्या साहेबांच्या खोलीत. सरांनी परवानगी काढली. मी लातूरला फोन लावला. तिकडं कुणीतरी उचलला, मी नोंदी भरणारी मुलगी हवी म्हणून सांगितलं. पलीकडचा माणूस घुटमळला, म्हणाला, "ती... फोनवर येत नाही," आणि लाईन खरखरत तुटली. मी टिपेत लिहिलं, 'फोन केला होता. आली नाहीस.'

तिचं उत्तर आलं, 'मला फोनवर ऐकू येत नाही.'

त्या काळात फोनवर कुणालाच धड ऐकू यायचं नाही. मी लिहिलं, 'आमचीही लाईन तशीच. मी ओरडून बोलेन.' आणि खरोखरच पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन लावून ओरडले. वरच्या साहेबांनी फाईल खाली ठेवली आणि माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. ती आली नाहीच. पुढच्या फ्लॉपीत तिनं फोनबद्दल काही लिहिलं नव्हतं. जमिनीच्या उतारावरच्या एका पुस्तकाखाली फक्त एवढंच होतं, 'पावसाचं पाणी उतारावरून जाताना बघायला मला फार आवडतं.' मला वाटलं, हिला माझ्याशी बोलायचं नाही. थोडे दिवस मीही टिपा कोरड्या ठेवल्या. पान फाटलं, नकाशा गहाळ.

नोंदी भरून होत आल्या तसं सरांनी चाचणीसाठी यादी छापायला सांगितली. आमच्या छपाईयंत्राचा कागद सलग असायचा, दोन्ही कडांना भोकं पाडलेला. यंत्र कर्कश आवाज करत छापत होतं आणि कागद घडी घालत जमिनीवर उतरत होता. मी चहाला गेले. परत आले तर सर खुर्ची ओढून बसले होते आणि मांडीवर कागदाची चळत घेऊन वाचत होते. वाचता वाचता हसत होते.

टिपांचा रकाना छापायचा नाही असं यंत्राला सांगायचं मी विसरले होते.

सर पुढचा कागद ओढत राहिले. खोलीचा जाड पडदा थोडा सरकला होता आणि उन्हाची एक तिरीप त्यांच्या पांढऱ्या केसांवर आली होती. मी दाराशी अनवाणी उभी. फरशी गार. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"बाई, वाऱ्यानं हललेला कापूस कुठल्या विषयाखाली लावायचा?"

"सर, मी पुसून टाकते सगळं."

"पुसू नका. छापायच्या यादीतून काढा फक्त." मग त्यांनी अंगठ्यानं कागदाची कड उलटल्यासारखी केली. "मी इतकी वर्षं कार्डं केली. लातूरच्या ग्रंथालयालाही पाठवली. तिकडून कधी कुणी मला बाभळीचं फूल कळवलं नाही." चष्मा पुन्हा चढवत म्हणाले, "दोन्ही याद्या जोडायचं काम लातूरलाच करू. त्यांचं यंत्र मोठं आहे. तुम्ही जा."

सर येणार नव्हते, त्यांना प्रवास सोसायचा नाही. मी मामांच्या जीपनं निघाले. जळकोटहून मातीच्या पिशव्या घ्यायच्या होत्या, म्हणून लोह्याचा सरळ रस्ता सोडून मामांनी जीप कंधारवरून घेतली. सकाळचं धुकं होतं. डोंगराळ रस्ता, मध्येच तुरीचं पिवळं रान, मध्येच नुसती लाल मुरमाड टेकडी. मागे पिशव्या हळूहळू डुलत होत्या. जळकोटला मामांनी चहा पाजला. मला डुलकी लागत होती आणि जाग येत होती आणि दोन्हीत फारसा फरक नव्हता. मामा बोलत होते, रस्त्याबद्दल, टायरबद्दल, त्यांच्या सुनेबद्दल. मी एकदा विचारलं, "मामा, लातूरची ती मुलगी कशी आहे हो?"

"लई गुणाची हाय. डबा दिला की हसती."

लातूरचं ग्रंथालय आमच्यापेक्षा मोठं होतं. उंच खिडक्या आणि खिडक्यांबाहेर कडुलिंबाची झाडं. काउंटरपाशी कुणी नव्हतं. आत कपाटांच्या रांगेत एक मुलगी पाठमोरी उभी राहून पुस्तकं लावत होती. साधी, बुटकी, आखूड केसांची. मी कल्पिलेल्या चेहऱ्यांपैकी एकही तिचा नव्हता, पण हीच ती, हे मला पाठीवरूनच कळलं.

"ए लातूर!" मी हाक मारली.

ती वळली नाही. मी पुन्हा हाक मारली. तिनं एक पुस्तक फडक्यानं पुसलं आणि शांतपणे खालच्या फळीवर ठेवलं. म्हणजे मी टिपा कोरड्या ठेवल्या म्हणून अजून रागावलीय, मला वाटलं, आणि इतक्या लांब येऊन हे बघायचं होतं का?

मागून मामा आले. ते माझ्या बाजूनं पुढं गेले, वळसा घालून तिच्या समोर उभे राहिले आणि हात हलवला. तिनं वर बघितलं, हसली. मामांनी माझ्याकडं बोट केलं.

मग मला म्हणाले, "तिला ऐकू येत न्हाई, बाई. तुमाला म्हाईत न्हवतं व्हय? मला वाटलं, समद्यांस्नी म्हाईत हाय."

ती माझ्याकडं बघत होती. 'मला फोनवर ऐकू येत नाही.' तिनं सांगितलं होतं, स्वच्छ सांगितलं होतं. आणि मी ओरडले होते, नांदेडहून. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि यातलं आधी काय आलं ते आता सांगता येणार नाही. तिनं माझा हात धरला आणि संगणकाच्या खोलीकडं ओढत नेलं. चपला काढल्या. तिनं यंत्र सुरू केलं, एक कोरी नोंद उघडली. लेखक नाही, पुस्तकाचं नाव नाही. सरळ टिपांच्या रकान्यावर जाऊन तिनं टाईप केलं, 'तू कापसावाली?'

मी कळफलक माझ्याकडं ओढला. 'हो. तू बाभळीवाली?'

'लहान होते. ताप आला. तो गेला आणि सोबत आवाज घेऊन गेला.'

'मी फोनवर ओरडले होते.'

ती इतकी हसली की खुर्ची मागं सरकली. तिच्या हसण्याला आवाज होता. बोलताही यायचं थोडं. शब्द जरा गोलसर, पाण्याखालून आल्यासारखे. पण अनोळखी माणसांपुढं ती बोलत नसे. माझ्याशी मात्र दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागली. मी सावकाश, तोंड तिच्याकडं करून बोलायची आणि ती ओठांवरून ओळखायची. अडलं की पडद्यावर.

मी लातूरला काही दिवस राहिले, तिच्याच घरी. तिची अव्वा ज्वारीची भाकरी करायची आणि आमच्या दोघींच्या ताटात लोणी एकदमच टाकायची. दिवसभर याद्या जोडायचं काम. यंत्र दोन्हीकडच्या नोंदी ताडून बघायचं आणि जुळ्या नोंदी समोर आणायचं. दोन गावांत वेगवेगळ्या धुळीत पडून राहिलेली तीच ती पुस्तकं पडद्यावर शेजारी शेजारी येऊन उभी राहायची. खरोखरचं जुळं आहे की नुसतं नावसाधर्म्य, ते आम्ही ठरवायचं. दुपारी वीज जायची. मग आम्ही अंधाऱ्या गार खोलीत नुसत्या बसून राहायचो, लिंबाच्या पानांची सावली खिडकीच्या पडद्यावर हलताना बघत. छपाई चालू असताना ती तळहात टेबलावर सपाट ठेवून बसायची. यंत्र थांबलं की माझ्याआधी तिला कळायचं.

आठवडा होत आला तेव्हाची गोष्ट. नोंदी जुळवता जुळवता तिनं टाईप केलं, 'काम संपलं की मी पण संपले.'

मला कळेना. मग तिनं सांगितलं. ती तिथं कार्डं टाईप करायच्या कामावर लागली होती. आता कार्डं बंद होणार. यादी एकदा झाली की टाईप करायला उरणार किती? उरणार ते काउंटरचं काम, पुस्तकं द्यायची-घ्यायची, वाचकाला काय हवं ते विचारायचं, फोन घ्यायचा. तिथल्या मुख्य साहेबांनी तिला बोलावून समजावलं होतं. माणूस वाईट नव्हता. काउंटरला ऐकू येणारं माणूस लागतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी चिडले. मी साहेबांना भेटते म्हणाले, सरांकडून चिठ्ठी आणते म्हणाले. तिनं मान हलवली. 'चिठ्ठी नको. दया येईल त्यांना.' आणि मग बराच वेळ ती पडद्याकडं बघत राहिली. आमची कोरी नोंद तिथंच उघडी होती. तिचं वाक्य, माझं वाक्य, तिचं, माझं.

तिनं उठून मॉनिटरच्या मागची वायर बघितली. किती लांब आहे ते हातानं मोजलं. मग माझ्याकडं वळून तोंडानं म्हणाली, "हे काउंटरवर."

त्याच दिवशी मामांची पुढची फेरी आली होती. संध्याकाळी आम्ही दोघींनी आणि मामांनी मिळून ते जड यंत्र उचलून काउंटरवर नेलं. मॉनिटर कडेला वळवून ठेवला, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या दोघांनाही दिसेल. कळफलक मध्ये. सकाळी मुख्य साहेब आले आणि थबकले.

"हे इथं कुणी आणलं?"

तिनं कळफलक त्यांच्याकडं सरकवला. पडद्यावर ओळ होती, 'आपल्याला काय पाहिजे?'

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. तिनं मला बोलू नकोस असं आदल्या रात्रीच बजावलं होतं. साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मग एका बोटानं, अक्षर शोधत शोधत टाईप केलं, 'खारी जमीन'. तिनं एक कळ दाबली. यादी खाली उतरत गेली. लातूरचे अहवाल, नांदेडचे अहवाल, कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर. साहेब वाकून बघत राहिले.

"नांदेडला एवढं आहे? मला कुणी सांगितलं नाही कधी."

"साहेब, आता हे यंत्र सांगतं," मी म्हणाले. तेवढं एक वाक्य बोलल्याशिवाय माझ्याच्यानं राहवलं नाही.

साहेबांनी आणखी एक विषय टाईप केला. मग आणखी एक. चहा तिथंच मागवला. दुपारपर्यंत केंद्रातले निम्मे लोक काउंटरपाशी येऊन एका बोटानं काही ना काही विचारून गेले होते. कुणी विषय विचारला, कुणी आपल्या गावाचं नाव टाकलं. एका वयस्कर शास्त्रज्ञांनी स्वतःचंच नाव टाकून बघितलं आणि आपला तरुणपणीचा अहवाल नांदेडला अजून आहे हे कळल्यावर ते कितीतरी वेळ तिथून हललेच नाहीत. तोवर वाचक स्वतः पडद्यावर शोधतो ही गोष्ट आमच्याकडं कुणी पाहिलीच नव्हती. शोधून द्यायचं ते ग्रंथपालानं, असाच रिवाज.

संध्याकाळी साहेब घरी निघाले. निघताना फोन तेवढा काउंटरवरून उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवायला सांगितला. ती काउंटरवर राहिली.

मी नांदेडला परतले. माझं कंत्राट पुढं संपलं आणि मी नांदेडमध्येच एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लागले. सर निवृत्त झाले. जाताना त्यांनी आमच्या टिपा उतरवलेली फ्लॉपी माझ्या हातात दिली होती. काही वर्षांनी ती उघडायला गेले तर तिला बुरशी लागलेली. काहीच वाचता आलं नाही. दोन दिवस वाईट वाटलं, मग वाटेनासं झालं. ती लातूरला कायम झाली आणि आता तिथल्या सगळ्या ग्रंथालयाची जबाबदारी तिच्याकडं आहे. मोबाईल आले तेव्हा पहिला संदेश तिचाच आला होता, तोही इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. आता आम्ही देवनागरीत लिहितो, तरी घाईत असली की ती जुन्या लिपीवर येते आणि 'काळी'ची 'कळी' होते.

गेल्या हिवाळ्यात ती पहिल्यांदाच आमच्या गावी आली. आता आई नाही, अप्पा आहेत. ते फार थकलेत आणि गेली काही वर्षं त्यांना ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आणून दिलं होतं, ते त्यांनी कोनाड्यात ठेवून दिलं. घरातले सगळे त्यांच्या कानाशी ओरडतात. ओरडणं म्हणजे रागावणं असं वाटून अप्पा गप्प होत गेले होते. मी मळ्यातून भाजी घेऊन आले तेव्हा ती अप्पांच्या बाजेवर, अगदी त्यांच्या समोर बसलेली होती. तोंड उजेडाकडं करून, सावकाश, तिच्या त्या गोलसर बोलण्यात काहीतरी सांगत होती. अप्पांची नजर तिच्या ओठांवर होती. मध्येच ती त्यांची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडं वळवायची, लहान पोराचा वळवावा तसा, आणि ते वळू द्यायचे.

मी जवळ गेले तसे अप्पा खुशीत म्हणाले, "ही बोलती ते समदं कळून राहिलं बघ मला. तुमीच लोक काय पुटपुटता की."

तिनं हात करून मला पलीकडं बसायला सांगितलं. उन्हाच्या बाजूला. अप्पांना माझंही तोंड दिसेल असं.